डोळ्याच्या कोपऱ्यातलं सोनं

प्रिय दादा,

काल होळी झाली. बदलापूरच्या तुझ्या घरात सात वर्षांनी पुरण शिजलं. वहिनीनं माझ्यादेखत स्वतःच्या पोळीवर चमचाभर तूप घातलं, बोटानं पसरलं आणि खाल्लं. मी गप्प बसून बघत होते. मी आणि गप्प, यावरून काय ते समज. आज सकाळी ह्यांना डबा दिला, केर काढला आणि कागद घेऊन बसले. कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही, आणि ह्या गोष्टीचा पहिला धागा तुझ्यापाशीच आहे. तर ऐक. मधे मधे बोलू नकोस, तुझी ती सवय फार वाईट.

वहिनीनं तूप सोडलं होतं, दादा. तुझ्या तेराव्याला, सगळ्यांसमोर. गेलेल्या माणसाच्या नावानं बायका काहीतरी आवडीचं सोडतात, तसं. आपल्या आईनं बाबांच्या मागे अळूवडी नव्हती का सोडली? सगळे म्हणाले, बरोबर आहे, नवऱ्याचा जीव तुपात होता, म्हणून तिनं तूप सोडलं. मीही तसंच समजले.

खरं कारण कळलं ते नंतरच्या एका होळीला. मी घरून पुरणपोळ्यांचा डबा घेऊन गेले होते. तिनं झाकणसुद्धा उघडलं नाही. मी जरा रागावलेच, तशी म्हणाली, "वन्सं, त्या चमच्यानं गेले ते. मीच वाढला होता."

कुठला चमचा ते तुला सांगायला नको. डॉक्टरांनी तुझं तूप बंद केलेलं. होळीचा दिवस, ताटात गरम पोळी, आणि तू लहान मुलासारखा हटून बसलेला. "सणाला तरी कोरडी पोळी घालू नकोस गं." तिनं घातला एक चमचा. दुसऱ्या दिवशी धुळवड, तू पोरांबरोबर रंग खेळलास. तिसऱ्या दिवशी सकाळी पायरीवर बसून बूट चढवत होतास. ते कारखान्याचे बूट तुला टाचेला कायम लागायचे, म्हणून तू सावकाश घालायचास. एक बूट पायात, एक हातात, आणि "सुमन, पाणी" एवढंच म्हणालास. ती तांब्या घेऊन आली तेव्हा तू भिंतीला टेकला होतास. पाणी तिच्या हातातच राहिलं.

पोळी आणि पायरी यांच्यामध्ये एकच दिवस. तिनं तेवढं धरून ठेवलं. मी म्हटलं, "वेडी आहेस का वहिनी, एका चमच्यानं कुणी मरतं का?" पण मग तू कशानं गेलास, हे मला तरी कुठं सांगता येत होतं? बेचाळीस वर्षांचा धडधाकट माणूस, कार्डिओग्राम चांगला, अंबरनाथपर्यंत सायकल मारत जाणारा. माझ्याकडे उत्तर नव्हतं, म्हणून तिचा चमचा तिच्याजवळच राहिला. सात वर्षं ती त्या चमच्याखाली जगली रे.

आता त्या ठिपक्याचं. आठवतो ना? बाबांच्या दोन्ही डोळ्यांच्या आतल्या कोपऱ्यात, पापणीवर, डाळीएवढे पिवळे ठिपके होते. आई म्हणायची, लक्ष्मीनं जाता जाता ह्यांच्या डोळ्याला हात पुसला. मग तुला विशीत तसाच ठिपका आला, उजव्या डोळ्याला, आणि काय तुझं कौतुक! मावशीनं दृष्ट काढली. नोकरी लागली ती ठिपक्यानं, वहिनीसारखी बायको मिळाली ती ठिपक्यानं. मला काही आला नाही. मी एकदा आरशासमोर बसून डोळ्याच्या कोपऱ्यात ओली हळद लावली होती. ती डोळ्यात गेली, आणि मी बोंबलत अंगणभर पळाले. तू हसून हसून पडायचा बाकी होतास. "शके, नशीब लावून येत नसतं," म्हणालास. मला ते फार लागलं होतं, सांगून ठेवते.

बाबा गेले तेव्हा पन्नाशीही झाली नव्हती त्यांची. देवापुढं बसल्या बसल्या गेले. गाव म्हणालं, पुण्यवान माणूस, कुणाची सेवा घेतली नाही. आपण दोघं शाळेतली पोरं, आपणही मान डोलावली. एवढ्या लवकर आणि एवढं अचानक का, हे विचारायचं कुणाला सुचलंच नाही. ठिपकाही नशिबाचा आणि मरणही नशिबाचं. मग विचारायला उरतं काय?

तुझ्या कंपनीत तपासणी झाली, रक्तात कोलेस्टेरॉल फार निघालं, तेव्हा डॉक्टरांनी तुला तीन गोष्टी सांगितल्या होत्या. तूप-लोणी बंद, अंडी कमी आणि सिगरेट साफ बंद. त्यातल्या पहिल्या दोन तू केल्यास आणि घरभर मिरवलास. तिसरीला म्हणालास, "धूर छातीत जातो, रक्ताचा काय संबंध?" तुझ्या डोक्यात शरीर म्हणजे कारखाना. नळ्या आहेत, आतून गाळ धरतो, सकाळी गरम पाणी आणि लिंबू ओतलं की धुऊन निघतो. आम्हाला हात हलवून हलवून समजवायचास. आम्ही ऐकायचो, कारण घरात मशीन कळणारा तूच.

आणि तेल. दादा, ह्या तेलावरून मला तुझा आजही राग येतो. तुमच्या हार्डनिंगच्या खात्यात भट्टीतून लालभडक निघालेले लोखंडी भाग टणक व्हावेत म्हणून तेलाच्या टाकीत बुडवायचे. ते तेल तापून तापून काळं आणि दाट झालं की तू म्हणायचास, "हे तेल मेलं." नवीन पिंप आल्याशिवाय माल बुडवू द्यायचा नाहीस. एकदा त्यावरून सुपरवायझरशी अबोला धरला होतास. आणि घरी? दिवाळीच्या चकल्यांचं उरलेलं तळणीचं तेल वहिनी बरणीत गाळून ठेवायची, आई ठेवायची तसं, मीही ठेवायची तसं. टाकून कोण देतं? तूप बंद झाल्यावर तू शोध लावलास, "ह्याचा सगळा कस तळणात निघून गेलाय. हे हलकं झालं. माझी भाजी ह्यातच करत जा."

मग वहिनी ते तेल खास तुझ्यासाठी राखून ठेवायला लागली. आम्ही आलो की आम्हाला ताज्या तेलाची फोडणी आणि तुला बरणीतली. शिवाय रविवारी उल्हासनगरला माझ्याकडे यायचास तो कॅम्प दोनच्या बाजारातून सिंध्यांचं ते तळलेलं दाल-पकवान बांधून. "तुपातलं नाही गं, तेलातलं आहे," असं म्हणून माझ्या पोरांच्या वाटचेही दोन पकवान खायचास. कारखान्यातल्या तेलाला जी अक्कल लावलीस ती कढईतल्या तेलाला का नाही लावलीस रे? पण बघ, लावली असतीस तरी आपल्या घरात कुणाला पटली असती असं मला वाटत नाही. आई म्हणाली असती, कारखान्याची थेरं घरात नकोत.

असो. पुढं ऐक. तुझी मनू आता एकवीस वर्षांची आहे. टायपिंगच्या क्लाससाठी माझ्याकडे असायची, शनिवारी बदलापूरला जायची. तुझ्यासारखीच मधे मधे बोलते. गेल्या श्रावणात मला ताप आला म्हणून तिला घेऊन मी आमच्या कोपऱ्यावरच्या डॉक्टरीण बाईंकडे गेले. सिंधी बाई आहेत, वय झालंय, पण नजर घारीची. मराठी बोलतात पण त्यात अर्धी हिंदी. तापाची मी, आणि बाई बघतायत मनूच्या तोंडाकडे.

"ताई, ये लडकी कोण?"

"भाची. भावाची मुलगी."

"इधर ये बेटा." मनूची पापणी अंगठ्यानं ओढून त्यांनी टॉर्च मारला. उजव्या डोळ्याच्या कोपऱ्यात मोहरीएवढा पिवळा ठिपका. मला तो दोन महिन्यांपासून ठाऊक होता. मी वहिनीला बोललेही होते, पोरगी बापाचं नशीब घेऊन आली.

"हिचे पप्पा क्या करते हैं?"

"नाहीत," मी म्हटलं. "अचानक गेले. हार्टनं."

"उमर?"

मी सांगितली. बाईंनी टॉर्च खाली ठेवला आणि विचारलं, "त्यांची टाच जाड होती का? टाचेच्या पीछे, ही शीर? बूट लागायचा?"

दादा, माझा ताप तिथल्या तिथं उतरला. ज्या बाईनं तुला जन्मात पाहिलं नाही ती तुझ्या बुटाबद्दल विचारत होती. बाबांचंही तसंच होतं, वहाणेचा मागचा पट्टा ते कापून टाकायचे. मी हो म्हटलं.

बाई म्हणाल्या, हा ठिपका म्हणजे चरबी आहे. रक्तात मावेना म्हणून कातडीत साठलेली. टाचेच्या शिरेतही तीच. असा ठिपका असलेल्या सगळ्यांनाच आजार असतो असं नाही, पण एवढ्या लहान वयात, आणि घरात अशी मरणं, म्हणजे तपासायलाच हवं. काही घराण्यांत जास्तीचं कोलेस्टेरॉल रक्तातूनच येतं, आई-बापाकडून, जन्मापासून. खाणं कितीही सांभाळलं तरी अंगच ते नीट काढून टाकत नाही. ज्याच्याकडे आहे त्याच्या प्रत्येक मुलाला यायची शक्यता छापा-काट्याइतकी. "सोमवारी भूखे पेट या. आप भी, ये भी."

मी त्यांना तुझ्या नळ्यांचं सांगितलं. लिंबूपाण्याचंही सांगितलं. त्या हसल्या नाहीत, हे मला आवडलं. म्हणाल्या, "नल नाही आहे हा ताई, जिंदा चीज आहे. त्याची दीवार जिंदा आहे." मग त्यांनी सांगितलं ते तुला मी माझ्या भाषेत सांगते. गाळ नळीच्या आतल्या अंगाला चिकटत बसत नाही. जादा कोलेस्टेरॉल रक्तवाहिनीच्या भिंतीच्या पोटात झिरपतं. तिथं पडून पडून ते खवट होतं. खोबरं खवट होतं ना, तसंच. ते खवट झालेलं अंगाला सहन होत नाही. रक्तातल्या पांढऱ्या पेशी ते खायला धावतात, खाऊन खाऊन फुगतात आणि तिथंच मरतात. मग भिंतीच्या आत गळू धरतं आणि वर राहतो एक पातळ पापुद्रा. रक्त वरून वाहतच असतं, माणूस सायकल मारतच असतो, कार्डिओग्राम चांगलाच येतो. एक दिवस पापुद्रा फाटतो, तिथं रक्त गोठतं आणि वाट बंद होते.

"मग हे खवट होतं कशानं?" मी विचारलं. बाईंनी सगळ्यात आधी सिगरेटचं नाव घेतलं. तो धूर रक्तात जातो आणि भिंतीतल्या चरबीला लवकर बिघडवतो. प्रेशर, साखर असेल तर त्यानंही. आणि तेच तेच तेल पुन्हा पुन्हा तापवून खाल्लं तर बाहेरूनच थोडं खवट आणून आत टाकल्यासारखं. मी बरणीचं सांगितलं. बाई म्हणाल्या, "वो तो पूरा उल्हासनगर खातो ताई. चांगलं नाही, पण त्यातले सगळे चाळीशीत मरत नाहीत. मूळ खून में आहे."

मी घरी येऊन झोपले नाही, बदलापूर गाठलं. वहिनीला म्हटलं, मनूचं रक्त तपासायचंय. ती उखडलीच. अंबरनाथचं एक स्थळ बोलण्यात होतं, मुलगा नोकरीला, घर स्वतःचं, पत्रिका छान जमलेली. "लग्नाच्या मुलीची हार्टची तपासणी? कळलं तर दारात कोण उभं राहील? आधी अक्षता पडू देत, मग काय हवं ते तपासा." मी म्हटलं, बापाच्या जाण्याचं तुला ठाऊक आहे ना? तर म्हणाली, "ते कशानं गेले ते मला ठाऊक आहे. मनू तूप खात नाही." आणि उठून आत गेली.

पण पोरगी तुझी आहे. सोमवारी सकाळी उठून मला म्हणाली, "आत्या, आईला सांगितलंय मी सोळा सोमवार धरलेत. उपाशी आहे. चल." चांगला नवरा मिळावा म्हणून धरायचं व्रत, आणि त्याचा पहिला सोमवार आम्ही पॅथॉलॉजीत घालवला. तिचं रक्त घेतलं, माझंही घेतलं. सुई टोचल्यावर तिनं तोंड फिरवलं नाही, मी फिरवलं.

माझा रिपोर्ट साफ आला, दादा. मनूचा आला तुझ्यासारखा, तुझ्यापेक्षा थोडा वरच.

त्या दिवशी मला ती हळद आठवली. छापा-काट्यात तुझ्या वाट्याला जे आलं ते माझ्या वाट्याला आलं नाही म्हणून मी अंगणात रडले होते. आता घरात बसून रडले, पण काय मागून रडतेय ते कळत नव्हतं. तुझ्या जागी मला यायला हवं होतं असं म्हणवत नाही, माझीही पोरं आहेत. पण तुला एकट्यालाच का, एवढं तरी मला वाटलं. खूप वाटलं.

वहिनीला सांगायचं ठरलं. मी, मनू आणि रिपोर्टचा कागद, तिघं शनिवारी घरी गेलो. वहिनी भाजी निवडत होती. मी तिच्यासमोर फतकल मारून बसले आणि बाईंनी सांगितलेलं सगळं सांगितलं, भिंतीचं, खवट होण्याचं, पापुद्र्याचं. ती मेथीची पानं खुडत ऐकत होती. मधेच तिचा हात थांबला.

"म्हणजे त्या चमच्यानं नाही?"

"नाही."

"नक्की, वन्सं?"

"अगं, हे वर्षानुवर्षं आत साचतं. त्याच्या जन्मापासून चालू होतं. तू घरात आलीस त्याच्या आधीपासून. होळीच्या चमच्याला भिंतीपर्यंत पोचायला तरी वेळ मिळाला असता का?"

तिनं पदर तोंडाला लावला. तू गेल्यापासून मी तिला रडताना पाहिलं नव्हतं. स्मशानातून परत आलो तेव्हाही नाही. त्या दिवशी ती मेथीच्या ढिगापुढं बसून हमसून हमसून रडली आणि मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. मला वाटलं, सुटली बाई. आता हिला जेवण गोड लागेल.

मग ती एकदम थांबली. डोळे तसेच ओले, पण नजर बदलली. "जन्मापासून म्हणजे? कुणाकडून?"

"बाबांकडून दादाकडे."

"आणि ह्यांच्याकडून?"

मनू स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती पुढं आली, आईच्या मांडीवर कागद ठेवला आणि म्हणाली, "माझ्याकडे, आई."

वहिनी त्या कागदाकडे बघत राहिली. तिला त्यातलं काही वाचता येणार नव्हतं, पण बघत राहिली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "वन्सं, माझ्या छातीवरचा धोंडा काढलात आणि पोरीच्या छातीवर ठेवलात. त्यापेक्षा चमचाच बरा होता हो."

ह्याला मी काय उत्तर द्यायचं? तूच सांग. त्या दिवशी मी एवढंच म्हटलं, "चमच्यावर औषध नव्हतं, वहिनी. ह्याच्यावर आहे."

आणि आहे, दादा. तुझ्या वेळी कुणी दिलं नाही, कदाचित नव्हतंच. डॉक्टरीण बाईंनी मुंबईच्या एका मोठ्या डॉक्टरांकडे चिठ्ठी दिली, तिथं सगळं नीट तपासलं. मनूच्या वाहिन्या अजून चांगल्या आहेत म्हणाले, लवकर आलात. रोज संध्याकाळी एक गोळी. थोड्या थोड्या महिन्यांनी रक्त. तेल मोजून, भाजीपाला भरपूर, चालणं रोज. लग्नानंतर मूल हवंसं वाटलं तर आधी येऊन विचारायचं, तेव्हा गोळी थांबवावी लागते. आणि हे जन्मभर. पूर्ण बरं होणार नाही, पण आटोक्यात राहील.

वहिनी आठ दिवस माझ्याशी बोलली नाही. नवव्या दिवशी मनूकडून निरोप आला, गोळी जेवणाआधी की नंतर? मी समजले, आली वाटेवर. मनूचा क्लास संपला, ती बदलापूरलाच असते. आता रोज संध्याकाळी दिवा लावला की वहिनी गोळी आणि पाण्याचा तांब्या घेऊन पोरीसमोर उभी राहते. मनू म्हणते, मी काय लहान आहे का, माझी मी घेईन. वहिनी हलत नाही. गोळी गिळून पाणी पिऊन झालं की मगच तांब्या खाली ठेवते.

दिवाळीत कढईत उरलेलं तेल तिनं गाळलं नाही. बरणी घासून उन्हात वाळवली. त्यात आता शेंगदाणे असतात.

तुळशीच्या लग्नानंतर अंबरनाथचं स्थळ बघायला आलं. मुलाच्या आईनं मनूची हनुवटी धरून म्हटलं, "डोळ्यावर सोनं घेऊन आलीय हो, नशीबवान आहे." वहिनीनं मान खाली घातली. पुढं मुलगा-मुलगी शिवमंदिरात भेटले तेव्हा मनूनं सगळं त्याला स्वतः सांगितलं. मला म्हणाली, "लपवून लग्न करायचं आणि गोळी पण लपवून खायची? मला नाही जमणार, आत्या." मुलगा बरा होता, घरी विचारतो म्हणाला. चार दिवसांनी निरोप आला, पत्रिका जमत नाही. छान जमलेली पत्रिका एकाएकी बिघडली, ग्रहांना काय वेळ लागतो?

मला वाटलं, आता वहिनी माझं नाव टाकणार. मी भीत भीतच गेले. ती ओट्यापाशी भाकऱ्या थापत होती. न वळताच म्हणाली, "बरं झालं, वन्सं. तिथं गोळी चुकवावी लागली असती."

आणि गेल्या रविवारी चिखलोलीची माणसं आली. शेती आहे थोडी, मुलगा एमआयडीसीत. मुलाची आई साधी बाई, बोलायला मोकळी. चहा आला, मनू आली, नमस्कार झाले, आणि त्या बाईही तेच म्हणाल्या. ह्या बायकांना काय सगळ्यांना एकच शाळा आहे का? "अगंबाई, डोळ्याच्या कोपऱ्यात सोनं! नशीब काढणार पोरगी."

मी वहिनीकडे बघितलं. मला वाटलं, आता मान खाली जाईल. तिनं कपबशी त्या बाईंच्या हातात दिली आणि सरळ म्हणाली, "नशीब नाही हो ते. कोलेस्टेरॉल आहे. हिच्या वडिलांना होतं, आजोबांना होतं, दोघंही लवकर गेले. हिची गोळी चालू आहे. चहा घ्या, गार होईल."

मनूचे डोळे भरून आले, आणि खोटं कशाला बोलू, माझेही. तुझा फोटो समोरच होता. त्या बाईंनी एक घोट घेतला, थोडा विचार केला आणि विचारलं, "गोळीनं आटोक्यात राहतं ना?"

"राहतं," वहिनी म्हणाली.

"मग माझ्या प्रेशरच्या गोळ्या असतात डब्यात. त्यातच ठेवू हिची. एकमेकींना आठवण राहील."

अजून काही पक्कं नाही. मुलाचे मामा यायचेत, पत्रिका बघायची म्हणतात. जमेल, न जमेल. पण वहिनीचं ते वाक्य झालं ना, तिथंच माझं काम झालं. आपल्या घरात पहिल्यांदा कुणीतरी त्या ठिपक्याला त्याच्या नावानं हाक मारली.

आणि काल होळी. मी गेले तर घरात वेलचीचा वास. वहिनी पुरण वाटत होती, मनू कणीक तिंबत होती. पहिली पोळी तव्यावरून उतरली ती तुझ्या फोटोपुढच्या ताटात. वहिनीनं तुपाची वाटी हातात घेतली आणि थबकली. "वन्सं, ह्यांच्या पोळीवर घालू?"

"घाल की," मी म्हटलं. "त्याला आता काय होणार आहे?"

ती हसली. हसता हसता डोळे पुसले आणि तुझ्या पोळीवर चमचाभर ओतलं, चांगलं थबथबीत. मग स्वतःच्या पोळीवर. मनूला मिळालं साय काढलेलं दूध. ती कुरकुरली, "माझ्याच वाट्याला का?" आम्ही दोघींनी एकदम डोळे वटारले, तशी गपगुमान खाल्लं.

दादा, आता एक सांगते आणि थांबते. बाबांनी पन्नाशी पाहिली नाही, तू तर पंचेचाळिशीही नाही. मनूला आम्ही म्हातारी करणार आहोत. केस पिकलेली, गुडघे धरून उठणारी, कपाळावरचा चष्मा घरभर शोधणारी म्हातारी. ठिपका घेऊन आपल्या घराण्यात आजवर कुणी झालं नाही इतकी. मी थकले तर वहिनी बघेल, ती थकली तर माझी पोरं बघतील, पण तिची गोळी चुकणार नाही. आणि ज्या वर्षी ती तुझं वय ओलांडेल, त्या वर्षीच्या होळीला तिच्या पोळीवर मी माझ्या हातानं अर्धा चमचा तूप घालीन.

डॉक्टरीण बाईंना विचारून.

तुझी, बिनठिपक्याची धाकटी,
शकू